गर्भवतींमधील उपदंश : निदान सोपे, उपचार स्वस्त, तरीही हानी लाखांत

उपदंश म्हणजे 'ट्रेपोनेमा पॅलिडम' या मळसूत्री आकाराच्या सूक्ष्म जिवाणूमुळे होणारा आणि मुख्यत्वे लैंगिक संबंधांतून पसरणारा रोग. बोलीभाषेत त्याला 'गरमी' म्हणतात. गर्भवती स्त्रीला हा संसर्ग असेल तर जिवाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. त्यातून गर्भपात, उपजत मृत्यू, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, नवजात बालकाचा मृत्यू किंवा जन्मजात उपदंश यांपैकी काहीही ओढवू शकते.

प्रतिजैविकांच्या शोधानंतर हा रोग इतिहासजमा झाला, अशी सुशिक्षितांचीही समजूत असते. आकडे मात्र वेगळे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगातील सुमारे ११ लाख गर्भवतींना उपदंश होता आणि त्यामुळे ३ लाख ९० हजारांहून अधिक गर्भधारणांवर वर उल्लेखिलेल्यांपैकी एखादा आघात झाला. बोटाच्या टोकाला सुई टोचून मिळालेल्या थेंबभर रक्तावर या रोगाची चाचणी होते. पेनिसिलिनसारख्या जुन्या व स्वस्त औषधाने तो बरा होतो. असे असताना ही हानी का होते, आणि ती नेमकी कोणत्या टप्प्यावर होते, याचे उत्तर या रोगाच्या साथरोगशास्त्रात सापडते.

फिरंगरोग ते उपदंश

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात या रोगाचा भडका उडाला. पोर्तुगीज गलबते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली ती त्याच सुमारास, १४९८ मध्ये. सोळाव्या शतकातील भावमिश्र या वैद्याने आपल्या 'भावप्रकाश' ग्रंथात या नव्या व्याधीचे वर्णन 'फिरंगरोग' या नावाने केले, आणि फिरंग्यांच्या संसर्गाशी त्याचा संबंध जोडला. पाऱ्याचे कल्प आणि चोपचिनी हे त्यावरचे त्या काळचे उपचार होत. 'उपदंश' हा शब्द आयुर्वेदात त्याहून जुना असून तो जननेंद्रियांच्या अन्य विकारांसाठी वापरला जाई. आधुनिक मराठीत तो या रोगासाठी रूढ झाला.

रोगाचा जिवाणू १९०५ मध्ये बर्लिन येथे फ्रिट्झ शाउडिन आणि एरिख हॉफमन यांनी शोधून काढला. पुढच्याच वर्षी ऑगस्ट वासरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तावरील पहिली चाचणी सिद्ध केली. १९१० मध्ये पॉल एर्लिख यांचे 'साल्व्हर्सान' हे आर्सेनिकयुक्त औषध आले. १९४३ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॉन महोनी यांनी पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे दाखवून दिले. तेव्हापासून आजतागायत उपदंशाच्या जिवाणूवर पेनिसिलिन निष्प्रभ ठरल्याचे आढळलेले नाही. इतर अनेक जिवाणू प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले असताना ही बाब विशेष म्हणावी लागेल.

न दिसणारा आजार

उपदंशाच्या पहिल्या अवस्थेत, संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी, जिवाणू शिरला त्या जागी एक वेदनारहित व्रण उठतो. स्त्रियांमध्ये तो पुष्कळदा योनीच्या आत वा गर्भाशयमुखावर असतो. दुखत नाही, दिसत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. दुसऱ्या अवस्थेत अंगावर, विशेषतः तळहात व तळपायांवर पुरळ येते, कधी ताप येतो, गाठी सुजतात. तेही काही काळाने ओसरते. त्यानंतर रोग सुप्तावस्थेत जातो. या अवस्थेत बाह्य लक्षण कोणतेही नसते, रोग फक्त रक्ताच्या तपासणीत आढळतो. ही अवस्था वर्षानुवर्षे टिकू शकते.

गर्भवतींमध्ये आढळणाऱ्या उपदंशापैकी बहुतांश याच सुप्त प्रकारचा असतो. स्त्री स्वतःला पूर्ण निरोगी समजत असते, डॉक्टरांनाही तपासताना काही वावगे आढळत नाही. म्हणूनच लक्षणे दिसल्यावर तपासणी करण्याचे धोरण येथे निरुपयोगी ठरते. प्रत्येक गर्भवतीचे रक्त तपासणे हा एकच मार्ग उरतो.

'निरोगी माते'चा जुना भ्रम

एकोणिसाव्या शतकातील वैद्यक या बाबतीत चकले होते. आयरिश शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८३७ मध्ये एक निरीक्षण नोंदवले. उपदंशग्रस्त बाळाला दूध पाजणाऱ्या दाईला रोग होतो, परंतु त्याच बाळाच्या सख्ख्या आईला तो होत नाही. यावरून अनेकांनी असा अर्थ काढला की, रोग पित्याच्या वीर्यातून थेट बाळात उतरतो आणि माता त्यापासून अलिप्त राहते. वासरमन चाचणी हाती आल्यावर खरा उलगडा झाला. अशा 'निरोगी' माता आधीच संसर्गित होत्या आणि त्यांचा रोग सुप्त होता. पित्याकडून मातेला आणि मातेकडून गर्भाला, असाच त्याचा प्रवास होता.

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ मॅक्स कासोवित्झ यांनी १८७६ मध्ये मांडलेले दुसरे निरीक्षण मात्र काळाच्या कसोटीवर टिकले. मातेचा संसर्ग जितका ताजा, तितका गर्भाला धोका अधिक आणि संसर्ग जुना होत जाईल तसा पुढच्या गर्भधारणांतील धोका कमी, असे त्यांनी दाखवले. आधीची दोन अपत्ये गमावून तिसरे रोगट जन्मलेले आणि चौथे धडधाकट, असा क्रम जुन्या कुटुंबवृत्तांतांत आढळतो, त्यामागील कारण हेच. ताज्या संसर्गात रक्तातील जिवाणूंची संख्या मोठी असते आणि वारेपर्यंत ते सहज पोहोचतात.

गर्भावस्थेच्या अठराव्या आठवड्यापूर्वी गर्भाला संसर्ग होत नाही, असेही एकेकाळी मानले जाई. नवव्या-दहाव्या आठवड्यातील गर्भपातांच्या ऊतींत जिवाणू आढळल्यावर तो समज मागे पडला. संसर्ग लवकर होऊ शकतो. त्याला गर्भाचे शरीर दाहाच्या रूपाने प्रतिसाद देते आणि हानी दृश्य होते, ती मात्र बहुधा पाचव्या महिन्याच्या आसपास व नंतर. पहिल्या तिमाहीतच निदान व उपचार झाल्यास बाळ वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते, ती याच कारणाने.

उपचार न केल्यास काय होते?

याविषयीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उपदंश असूनही उपचार न झालेल्या गर्भवतींपैकी ६६.५ टक्क्यांच्या गर्भधारणेत काही ना काही अनिष्ट घडले. उपदंश नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. गर्भमृत्यू व उपजत मृत्यूंचे प्रमाण उपदंशामुळे २१ टक्के-अंकांनी, तर नवजात मृत्यूंचे सुमारे ९ टक्के-अंकांनी वाढलेले आढळले.

टांझानियातील म्वान्झा शहरात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे चित्र अधिक ठसठशीत केले. तेथे तपासणी न झालेल्या आणि रक्तात रोगाची तीव्रता अधिक असलेल्या स्त्रियांपैकी २५ टक्क्यांची मुले मृत जन्मली होती. तपासणी न झालेल्या स्त्रियांमधील एकंदर उपजत मृत्यूंपैकी निम्म्या मृत्यूंचे कारण उपदंश हेच होते. याउलट पेनिसिलिनचे एक इंजेक्शन मिळालेल्या स्त्रियांच्या प्रसूती उपदंश नसलेल्या स्त्रियांसारख्याच पार पडल्या.

जिवंत जन्मलेल्या बाळांची कथा वेगळी आहे. जन्मजात उपदंश असलेल्या निम्म्याहून अधिक बाळांत जन्मतः कोणतेही लक्षण नसते. पुढील काही आठवड्यांत सतत वाहणारे नाक, तळहात-तळपायांची सोलवटणारी कातडी, वाढलेले यकृत व प्लीहा, हाडांच्या दाहामुळे हातपाय न हलवणे अशी चिन्हे उमटू लागतात. तेव्हाही निदान निसटले तर काही वर्षांनी खाचा पडलेले पुढचे दात, डोळ्यांच्या पारदर्शक पटलाचा दाह आणि बहिरेपणा अशी त्रयी दिसते. इंग्लंडचे वैद्य जोनाथन हचिन्सन यांच्या नावाने ती ओळखली जाते. एकदा गेलेली श्रवणशक्ती पेनिसिलिनने परत येत नाही.

मोजमाप आणि त्यातील अडचणी

गर्भवती हा साथरोगशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा गट आहे. त्या मोठ्या संख्येने दवाखान्यात येतात आणि त्यांचे रक्त इतर कारणांसाठी घेतले जातेच. त्यामुळे त्यांच्यातील उपदंशाचे प्रमाण हे सर्वसामान्य लोकसंख्येतील प्रमाणाचे जवळचे प्रतिबिंब मानले जाते. भारतात एचआयव्हीच्या प्रहरी सर्वेक्षणासाठी निवडक प्रसूतिपूर्व केंद्रांतून प्रत्येकी ४०० गर्भवतींचे नमुने घेण्याची पद्धत रूढ झाली, आणि त्याच नमुन्यांवर उपदंशाचीही तपासणी होऊ लागली.

या पद्धतीला मर्यादा आहेत. दवाखान्यात न येणारी स्त्री मोजणीत येत नाही. खासगी रुग्णालयांतील तपासण्यांची माहिती शासनापर्यंत क्वचितच पोहोचते. सर्वांत मोठी त्रुटी उपजत मृत्यूंची आहे. मूल मृत जन्मले आणि आईचे रक्त उपदंशासाठी तपासलेच नाही, तर तो मृत्यू 'कारण अज्ञात' या रकान्यात जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगातील सर्वाधिक उपजत मृत्यू भारतात झाले. त्यांतील उपदंशाचा वाटा नेमका किती, हे ठरवायचे तर अशा प्रत्येक मातेचे रक्त तपासणे आवश्यक आहे.

व्याख्येवरही आकडे अवलंबून असतात. सर्वेक्षणाच्या जागतिक व्याख्येनुसार, उपदंश असलेल्या व पुरेसा उपचार न झालेल्या मातेचे बाळ, मग ते मृत असो वा जिवंत, लक्षणे असोत वा नसोत, जन्मजात उपदंशाचा रुग्ण म्हणून मोजले जाते. बाळाच्या रक्ताची चाचणी एकटीने पुरेशी ठरत नाही. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात आणि निरोगी बाळाचाही अहवाल सकारात्मक येऊ शकतो. म्हणून बाळातील प्रतिपिंडांची पातळी आईच्या पातळीशी ताडून पाहावी लागते.

जगाचे चित्र

२०१६ या वर्षासाठीचे सविस्तर जागतिक अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार जगातील ०.६९ टक्के गर्भवतींना, म्हणजे सुमारे ९ लाख ८८ हजार स्त्रियांना, उपदंश होता. आफ्रिका विभागात हे प्रमाण सुमारे दीड टक्का होते. जन्मजात उपदंशाचे एकूण ६ लाख ६१ हजार रुग्ण मोजले गेले. त्यांपैकी ३ लाख ५५ हजार प्रकरणांत प्रत्यक्ष हानी झाली. त्यात १ लाख ४३ हजार गर्भमृत्यू व उपजत मृत्यू, ६१ हजार नवजात मृत्यू, ४१ हजार अपुऱ्या दिवसांची वा कमी वजनाची बाळे आणि १ लाख ९ हजार लक्षणे असलेली बाळे होती.

या अभ्यासातील सर्वांत बोलका भाग पुढेच आहे. ३ लाख ५५ हजार हानीग्रस्त गर्भधारणांपैकी केवळ २१ टक्के स्त्रिया अशा होत्या, ज्या प्रसूतिपूर्व तपासणीसाठी कधी आल्याच नाहीत. तब्बल ५७ टक्के स्त्रिया दवाखान्यात आल्या होत्या, पण त्यांचे रक्त उपदंशासाठी तपासले गेले नाही. आणखी १६ टक्क्यांची तपासणी झाली, परंतु उपचार झाले नाहीत. उरलेल्या सुमारे ६ टक्के स्त्रियांना उपचार मिळूनही हानी टळली नाही. म्हणजे दर पाचांपैकी जवळजवळ चार प्रकरणांत स्त्री आरोग्यव्यवस्थेच्या दारापर्यंत पोहोचली होती. अडाणीपणा, दुर्गमता, उदासीनता ही नेहमीची कारणे येथे अपुरी पडतात.

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेतील न्यू यॉर्क व ऱ्होड आयलंड या राज्यांनी १९३८ मध्येच गर्भवतींची उपदंश तपासणी कायद्याने सक्तीची केली होती. त्याच अमेरिकेत जन्मजात उपदंशाची २०१२ मध्ये ३३५ प्रकरणे नोंदली गेली, ती २०२२ मध्ये ३,७६१ आणि २०२३ मध्ये ३,८८२ वर गेली. २०२२ मधील प्रकरणांत २८२ उपजत व बालमृत्यू होते. वेळेवर तपासणी व उपचार झाले असते तर त्या वर्षीची सुमारे ८८ टक्के प्रकरणे टळली असती, असा निष्कर्ष तेथील रोगनियंत्रण केंद्राने काढला. निम्म्याहून अधिक प्रकरणांत मातेचा अहवाल सकारात्मक आलेला होता, उपचार मात्र अपुरे वा उशिरा झाले होते. तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये गर्भारपणात तीन वेळा, म्हणजे पहिल्या भेटीत, शेवटच्या तिमाहीत आणि प्रसूतीच्या वेळी तपासणी करण्याची शिफारस केली, ती या पार्श्वभूमीवर.

चाचणी आणि तिचा अर्थ

उपदंशाच्या चाचण्या दोन प्रकारच्या आहेत. व्हीडीआरएल आणि आरपीआर या चाचण्या रोगामुळे शरीरात निर्माण होणाऱ्या सर्वसाधारण प्रतिपिंडांचा शोध घेतात. रोग सध्या कितपत सक्रिय आहे आणि उपचारांनी तो कमी होतो आहे का, हे त्यांच्या पातळीवरून कळते. परंतु मलेरिया, कुष्ठरोग, काही संधिवाताचे प्रकार, इतकेच नव्हे तर केवळ गर्भारपण यांमुळेही त्या कधी चुकीच्या सकारात्मक येतात. टीपीएचए आणि झटपट पट्टी-चाचण्या थेट उपदंशाच्या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात. त्या अधिक नेमक्या असतात, मात्र रोग बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर सकारात्मक राहतात. सबब दोन्ही प्रकारांचे निकाल एकत्र वाचावे लागतात.

रोगाचे प्रमाण कमी असेल तेथे आणखी एक गणित लक्षात घ्यावे लागते. समजा, १० हजार गर्भवतींपैकी १० जणींना उपदंश आहे आणि चाचणी १०० निरोगी स्त्रियांमागे एकीचा निकाल चुकीचा सकारात्मक देते. मग खऱ्या दहा रुग्णांबरोबर शंभर निरोगी स्त्रियांवरही रोगाचा शिक्का बसेल. त्यामुळे पहिला अहवाल म्हणजे अंतिम निर्णय नव्हे, आणि त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा तर मुळीच करू नये. तरीही खात्रीच्या चाचणीची वाट पाहत उपचार लांबवणेही योग्य नाही. पाठपुराव्याची शाश्वती नसेल तेथे झटपट चाचणी सकारात्मक येताच पहिले इंजेक्शन त्याच भेटीत द्यावे आणि पुढील तपासणी नंतर करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. अनावश्यक इंजेक्शनाचे नुकसान थोडे असते, न दिलेल्या इंजेक्शनाची किंमत बाळाचा जीव असू शकते.

उपचार : एक जुने औषध

रोग अलीकडचा असेल तर बेन्झाथीन पेनिसिलिनची २४ लाख युनिटची एक मात्रा स्नायूत दिली जाते. संसर्ग जुना असेल किंवा किती जुना हे ठाऊक नसेल, तर आठवड्याच्या अंतराने अशा तीन मात्रा देतात. गर्भातील बाळापर्यंत खात्रीने पोहोचून त्याला बरे करणारे सिद्ध झालेले औषध हेच. डॉक्सिसायक्लीन गर्भारपणात वर्ज्य मानतात, तर एरिथ्रोमायसिन व अझिथ्रोमायसिन वारेतून पुरेशा प्रमाणात पार होत नाहीत. म्हणूनच पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या गर्भवतीला रुग्णालयात देखरेखीखाली अल्प मात्रांनी सरावून पेनिसिलिनच देण्याची पद्धत आहे. प्रसूतीपूर्वी किमान चार आठवडे उपचार पूर्ण होणे आवश्यक असते.

उपचारांचा परिणाम २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मोजला गेला. तपासणी व पेनिसिलिन यांमुळे उपदंशग्रस्त मातांमधील उपजत मृत्यू ८२ टक्क्यांनी, नवजात मृत्यू ८० टक्क्यांनी आणि लक्षणांसह जन्मजात उपदंश ९७ टक्क्यांनी घटतो. इतक्या कमी खर्चात इतका लाभ देणारे उपाय सार्वजनिक आरोग्यात फार थोडे आहेत.

पण स्वस्ताईच या औषधाच्या मुळावर आली आहे. नफा अल्प असल्याने त्याचा मूळ घटक बनवणारे कारखाने जगात मोजकेच उरले. जागतिक आरोग्य संघटनेने माहिती मागवलेल्या ९५ देशांपैकी ३९ देशांनी २०१४ ते २०१६ या काळात तुटवडा पडल्याचे कळवले. २०२३ मध्ये अमेरिकेलाही टंचाई जाणवली. याच्या जोडीला इंजेक्शनाच्या प्रतिक्रियेची धास्ती आहे. गंभीर प्रतिक्रिया अत्यंत विरळ असते, तरीही लहान केंद्रांतील कर्मचारी इंजेक्शन देण्याऐवजी स्त्रीला मोठ्या रुग्णालयात पाठवणे पसंत करतात. तो प्रवास अनेकदा घडत नाही.

ज्यांनी करून दाखवले

मंगोलियात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तपासणी, निकाल आणि इंजेक्शन हे तिन्ही एकाच भेटीत, एकाच छताखाली देण्यात आले. जुन्या पद्धतीने चालणाऱ्या केंद्रांच्या तुलनेत तेथे जन्मजात उपदंश ९० टक्क्यांहून अधिक घटला. औषध तेच होते, बदलली ती केवळ कामाची रीत.

२०१५ मध्ये क्युबा हा मातेकडून बालकाला होणारा एचआयव्ही व उपदंश यांचा संसर्ग दूर केल्याचे प्रमाणपत्र मिळवणारा पहिला देश ठरला. त्यानंतर थायलंड, मलेशिया आणि आपले शेजारी श्रीलंका व मालदीव या यादीत आले. 'दूर केला' याचा अर्थ शून्य रुग्ण असा नाही. दर एक लाख जिवंत जन्मांमागे जन्मजात उपदंशाची ५० हून अधिक प्रकरणे नसावीत, ९५ टक्के गर्भवतींची प्रसूतिपूर्व नोंदणी व तपासणी व्हावी आणि बाधितांपैकी ९५ टक्क्यांना उपचार मिळावेत, असे निकष आहेत. श्रीलंकेला हे प्रमाणपत्र २०१९ मध्ये मिळाले. तेथे गावोगावच्या आरोग्य सुईणी गर्भवतींची घरोघर जाऊन नोंद घेतात आणि मोफत मातृसेवेत उपदंशाची तपासणी दीर्घकाळ अंतर्भूत आहे. संपत्तीपेक्षा सातत्य कामी आले, असे त्यावरून म्हणता येईल.

भारत आणि महाराष्ट्र

ब्रिटिश अमदानीत या रोगाकडे लष्कराच्या चष्म्यातून पाहिले गेले. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी व सक्तीची तपासणी सुरू झाली. उद्देश गोऱ्या सैनिकांना वाचवण्याचा होता. तो कायदा १८८८ मध्ये रद्द झाला, परंतु उपदंश म्हणजे 'वाईट चालीच्या' बाईचा रोग हा शिक्का मागे राहिला. संसाराबाहेर कधी पाऊल न टाकलेल्या विवाहितेलाही तो पतीकडून होऊ शकतो, ही साधी गोष्ट त्या शिक्क्याखाली झाकली गेली.

स्वातंत्र्यानंतर औषधाच्या बाबतीत महाराष्ट्राचे नाव अग्रभागी आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि देशात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पुढे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम आला आणि गुप्तरोग नियंत्रणाचे कामही त्याच्या छत्राखाली गेले. २०१५ मध्ये केंद्र शासनाने मातेकडून बालकाला होणाऱ्या उपदंशाच्या उच्चाटनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले.

प्रहरी सर्वेक्षणांनुसार भारतातील गर्भवतींमधील उपदंशाचे प्रमाण एक टक्क्याहून पुष्कळच कमी आहे. ही समाधानाची बाब खरी, पण संख्येचे भान सोडून चालणार नाही. देशात वर्षाकाठी दोन कोटींहून अधिक जन्म होतात. हजारी एक हे प्रमाण धरले तरी बाधित मातांची संख्या वीस हजारांच्या वर जाते. शिवाय प्रमाण घटले की दक्षताही घटते. वर्षानुवर्षे एकही सकारात्मक अहवाल न पाहिलेल्या दवाखान्यात तपासणीचे संच संपले तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे ८९ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या. पहिल्या तिमाहीत तपासणीसाठी आलेल्या मातांचे प्रमाण ७० टक्के, तर किमान चार भेटी झालेल्यांचे ५८ टक्के होते. म्हणजे दहांपैकी तीन माता सर्वांत मोलाच्या तिमाहीनंतर आल्या किंवा आल्याच नाहीत. माहेरी बाळंतपणाला जाण्याच्या रिवाजाचाही येथे विचार व्हायला हवा. सासरच्या गावी नोंदणी, माहेरी प्रसूती आणि अहवाल तिसऱ्याच ठिकाणी, अशा स्थितीत उपचारांचा धागा तुटतो. ऊसतोडणी वा बांधकामासाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत तो अधिकच सहज तुटतो.

शासकीय सूचनांनुसार पहिल्या नोंदणीच्या वेळी हिमोग्लोबिन, रक्तगट व एचआयव्ही यांबरोबर उपदंशाचीही तपासणी अपेक्षित आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. एचआयव्ही व उपदंश यांची एकाच थेंबावर होणारी दुहेरी चाचणीही उपलब्ध झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गर्भवतींच्या पहिल्या तपासणीसाठी तिची शिफारस केली.

पतीचा उपचार

गर्भवतीवर उपचार झाले आणि पतीवर झाले नाहीत, तर पुन्हा संसर्ग होण्याचा धोका कायम राहतो. उपदंश एकदा झाल्याने पुढे संरक्षण मिळत नाही. प्रत्यक्षात हाच दुवा सर्वांत कच्चा असतो. अहवाल पत्नीच्या हाती पडतो, म्हणून रोग तिचाच ठरतो. मारहाण, माहेरी पाठवणी, घटस्फोट यांच्या भीतीने अनेक स्त्रिया तो लपवतात. निदानाची माहिती खासगीत, दोघांनाही एकत्र आणि दोषारोपाविना देणे हा म्हणूनच उपचाराचा भाग मानला पाहिजे. सुप्त रोग वर्षानुवर्षांचा असू शकतो, त्यामुळे रक्ताच्या अहवालावरून संसर्ग कोणी कोणाला व केव्हा दिला, हे सांगता येत नाही.

कुटुंबांनी काय करावे?

गर्भ राहिल्याचे कळताच, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत, नोंदणी करावी आणि उपदंशाची तपासणी झाली का, हे स्पष्ट विचारावे. 'सर्व रक्त तपासले' एवढ्या उत्तरावर न थांबता माता व बाल संरक्षण कार्डावर 'व्हीडीआरएल', 'आरपीआर' वा 'सिफिलिस' या नावापुढे निकाल लिहिला आहे का, ते पाहावे. अहवाल सकारात्मक असल्यास त्याच दिवशी उपचारांबाबत विचारणा करावी आणि तीन मात्रा सांगितल्या असतील तर तिन्ही पूर्ण कराव्यात. पतीनेही तपासणी व उपचार घ्यावेत आणि ते पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत. पूर्वी मूल मृत जन्मले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जन्मानंतर बाळाची तपासणी करून घ्यावी. त्याला संसर्ग असल्यास दहा दिवसांच्या पेनिसिलिनच्या उपचाराने रोग बरा होतो. स्तनांवर व्रण नसतील तर बाळाला अंगावर पाजण्यास हरकत नसते.

बाळंतपणासाठी दुसऱ्या गावी जाताना चाचणीचा निकाल आणि दिलेल्या इंजेक्शनांच्या तारखा लिहिलेले कार्ड सोबत न्यावे, आणि तेथील डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत दाखवावे.